कोकणच्या हवेत अनवट झाडं: कुंडीत काय जगतं, कसं जगतं

पडवीतली_झाडं (वेंगुर्ले)

मिरग तोंडावर आलाय. दर वर्षी याच सुमारास ‘पावसात माझी झाडं कुजतात, काय करू?’ असा प्रश्न इथे निरनिराळ्या धाग्यांवर पडतो, म्हणून सगळं एका जागी आणावं म्हणते. माझ्याकडे मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, अलोकेशिया, ॲन्थुरियम, होया, थोड्या घटपर्णी आणि बाशिंग नावाच्या नेच्याचा परदेशी भाऊबंद प्लॅटिसेरियम आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पडवी पश्चिमेला, मागे परडं, दोन माड आणि एक जुना फणस.

या झाडांची माहिती आपण वाचतो ती बहुतेक थंड आणि कोरड्या देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. पानांवर रोज फवारा मारा, खोलीत दमट हवेचं यंत्र लावा, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवा. वेंगुर्ल्यात हे सगळं केलं तर झाड आठवड्यात काळं पडेल. ओलावा आपल्याकडे आयता आहे. आपल्याला मिळवावी लागते ती मुळांशी हवा आणि पानांमधून वाहणारं वारं. माझी सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती आहे.

माती मी जवळजवळ वापरत नाही. नारळाच्या सोडणांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, जांभ्याच्या चिऱ्याची चाळलेली खडी, लाकडी कोळसा आणि थोडं कुजलेलं शेणखत. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरतो आणि सोडतोही, शिवाय आम्लधर्मी, त्यामुळे ही झाडं त्यात रमतात. सोडणांचं मात्र एक आहे. किनाऱ्याच्या गावांत ती बरेचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात. विकतच्या कोकोपीटमध्येही मीठ असू शकतं. गोड्या पाण्यात भिजत घालायची, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजत घालायची. शेवटचं पाणी जिभेला लावून बघा, कळतं. आणि समुद्राची वाळू कुंडीत कधीही घालू नका, कितीही धुतलेली असली तरी.

पावसाळ्यात उजेड फार कमी होतो आणि झाड पाणी उचलायचं थांबवतं. कुंडी आतून ओली राहते ती याच कारणाने, पाऊस थेट पडत नसला तरी. जून ते ऑगस्ट मी पडवीतल्या कुंड्यांना बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालत नाही. कधीकधी पंधरवडा जातो. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवते आणि कोपऱ्यात एक छोटा पंखा मंद चालू असतो. वीज गेली की झडप उघडी ठेवते, सरी आत आल्या तरी चालतात, कोंडलेली हवा चालत नाही.

तुमच्याकडे काय आहे, पावसात कसं सांभाळता, लिहा.

---

चौथा_मजला (अलिबाग)

छान धागा. माझी बाल्कनी थेट समुद्राकडे आहे. अलोकेशिया आणि कॅलाथियाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. पाणी कमी पडतंय म्हणून वाढवलं, तर आणखी बिघडलं. कुंडीतली माती ओली आहे, मुळं पांढरी आहेत. मग कडा का जळतात?

---

पडवीतली_झाडं

मीठ. दुपारचा वारा समुद्रावरून तुषार घेऊन येतो आणि ते पानांवर सुकतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचं वारं तर आणखी आतपर्यंत नेतं, पण तेव्हा पाऊसच पान धुऊन टाकतो. खरा त्रास मार्च ते मे. संध्याकाळी पानं गोड्या पाण्याने धुवा. फवारायचं नाही, चांगलं धुवायचं, खालून-वरून, आणि नंतर वारं लागू द्यायचं.

दुसरं, तुमच्या इमारतीला पाणी विहिरीचं की नळाचं? किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. तेच पाणी कुंडीत घातलं की मीठ साचत जातं, आणि पानाच्या टोकाशी ते आधी दिसतं. मी पागोळीचं पाणी पिंपात भरून ठेवते, पहिल्या दोन-चार सरी सोडून, कारण पहिलं पाणी कौलांवरची धूळ आणि शेवाळ घेऊन येतं. घटपर्णीला तर मी त्याशिवाय दुसरं पाणी देतच नाही. ही झाडं जिथली आहेत तिथल्या मातीत अन्न फारसं नसतं, म्हणून ती किडे पकडतात. क्षार आणि खत दोन्ही त्यांच्या मुळांना सोसत नाही.

कॅलाथिया मात्र त्या बाल्कनीत ठेवू नका. आत, खिडकीपासून दूर. त्या जागी अडेनियम, सॅन्सेव्हिएरिया लावा. खारं वारं त्यांना बाधत नाही. फक्त अडेनियमवर पाऊस पडू देऊ नका, बुंधा मऊ पडला की संपलं.

---

वाडीवाला (दापोली)

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपण ही झाडं कुंडीत कोंडतो आणि मग पानांना भोकं पडत नाहीत, पानं मोठी होत नाहीत म्हणून खत घालत बसतो. आमच्या वाडीत एका माडावर मनीप्लँट चढलेला आहे. घरातल्या बाटलीत ज्याची पानं तळहाताएवढी असतात, त्याचीच वर माडावर सुपाएवढी झालीत आणि कडेने फाटलीत. पाहुण्यांना ते दुसरंच झाड वाटतं. हा वेल मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा. बुंध्याला मुळं धरून वर चढू लागला की त्याचं पान बदलतं, आणि खाली लोंबत राहिला की लहानच राहतं. मॉन्स्टेराचंही तेच. मेक्सिको-पनामाच्या जंगलात तो झाडांवर चढतो.

म्हणून कुंडीतल्या मॉन्स्टेराला नुसती काठी देऊन उपयोग नाही, ओली राहणारी आणि मुळांना आत शिरता येईल अशी काठी हवी. पोफळीचा वाळलेला खांब घ्या, त्याला काथ्याने सोडणं गुंडाळून बांधा, रोज थोडं पाणी वरून सोडा. बाजारातल्या मॉस स्टिकपेक्षा हे स्वस्त आणि टिकाऊ. परड्यात माड असेल तर कटिंग सरळ त्याच्या बुंध्याशी लावा, पण मनीप्लँट आणि सिंगोनियम सोडून. हे दोन एकदा वाडीत शिरले की पोफळींवर पसरतात आणि आवरत नाहीत. छाटलेले तुकडे व्हाळात टाकू नका, पुढे जिथे अडकतील तिथे रुजतील.

वेलांचंच चाललंय तर व्हॅनिला लावून बघा. मसाल्यासाठी म्हणून नका लावू, तेवढं पीक घरच्या वेलाला येत नाही. ती आमरी (ऑर्किड) आहे म्हणून लावा. आमच्याकडे माडांच्या मधल्या जागेत मिरी, जायफळ, दालचिनी लावायची पद्धत आहेच. रत्नागिरीच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने अशी मिश्र लागवड लाखीबाग म्हणून लोकांपर्यंत नेली. त्यात व्हॅनिलाचा एक वेल सहज मावतो. फूल एका सकाळपुरतं उमलतं, आणि परागीभवन आपल्या हाताने करावं लागतं, कारण ते करणारी मधमाशी मेक्सिकोकडची. हाताने करायची ही युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काढली. आजही जगभर साधारण तशीच करतात. काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. पहिल्यांदा शेंग धरली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती.

---

शिरोड्याचो_झील

माका एक विचारूचा आसा. तौक्ते वादळात आमच्या परड्यातल्या फणसाची एक खांदी मोडली, तेच्यार आमरी होती. ती खांदी तशीच गडग्यार ठेवलंय. आधी दर मे म्हयन्यात तुरो येय होतो, वादळानंतर इलोच नाय. पाना हिरवी आसत. खांदी आता कुसली. काय करू? खत घालूचा काय?

---

कातळवाट (रत्नागिरी)

खत नको. पानं हिरवी आहेत म्हणजे झाड जिवंत आहे, त्याला आता जागा हवी. लोंबता, कोल्ह्याच्या शेपटीसारखा गुलाबी-पांढरा तुरा येत असेल तर ती सीतेची वेणी असणार, ऱ्हिंकोस्टायलिस. मे-जूनमध्ये फुलते. आसाममध्ये हीच कोपौ फूल म्हणून बिहूला केसांत माळतात.

मोडलेल्या फणसाशेजारी दुसरा फणस किंवा आंबा असेल तर त्यावर बांधा. कुजलेली खांदी हळू सोडवा, मुळांना चिकटलेली साल तशीच राहू द्या, ओढून काढू नका. माणसाच्या उंचीच्या वर, सकाळचं ऊन लागेल अशा बाजूला, सुती दोऱ्याने किंवा काथ्याने घट्ट बांधा. सैल राहिली तर वाऱ्याने हलते आणि नवी मुळं सालीला धरत नाहीत. तार वापरू नका. मातीत, कुंडीत तर अजिबात नको. या मुळांवर पांढरं स्पंजासारखं आवरण असतं, ते पावसात भिजून हिरवं दिसतं आणि पाऊस थांबला की सुकायला हवं. मातीत ते सुकत नाही आणि कुजतं. आत्ता, पाऊस सुरू होताना बांधलीत तर चार महिने पाणी घालायची गरज नाही. गडग्यावर बहुधा तिला ऊन कमी किंवा फार, दोहोंपैकी काहीतरी लागत असणार. फूल यायला एखाद-दोन वर्षं जातील.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, रायगड आणि उत्तर रत्नागिरीत जुने आंबे, फणस उन्मळून पडले, आणि त्यांच्यावरच्या आमऱ्या सरपणाबरोबर गेल्या. वादळानंतर पडलेल्या झाडांवरून त्या उचलून उभ्या झाडांवर बांधणं हे काम प्रत्येक गावात करता येण्यासारखं आहे. आमरीच्या बीमध्ये अन्नसाठा नसतो. एका विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ती रुजते. त्यामुळे गेलेली आमरी आपण बी टाकून परत आणू शकत नाही.

---

हिरवी_खिडकी (चिपळूण)

कातळवाट, तुम्हीच सांगू शकाल म्हणून विचारते. ऑनलाइन एकाने दवबिंदू आणि सीतेची आसवे विकायला काढलीत, ‘सड्यावरून (जांभ्याच्या उघड्या पठारावरून) ताजी’ असं लिहून. मला मांसाहारी झाडांचं फार वेड आहे, घटपर्णी मी दोन वर्षं सांभाळतेय. ही आपल्याच मातीतली, मग आपल्याकडे सोपी जातील ना? की स्वतःच सड्यावर जाऊन दोन-चार आणू?

---

कातळवाट

नका घेऊ आणि नका आणू. का ते सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आता वारंवार येतो.

सड्यावर माती असते बोटभर, कुठे त्याहून कमी. खाली अखंड जांभा. पावसाळ्यात त्यावरून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो, आणि त्या पाण्यात नत्र जवळजवळ नसतं. म्हणून तिथे किडे खाणारी झाडं आहेत. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, सीतेच्या आसवांना मुळांच्या जागी बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. सड्यावर दिसणारी आसवे बहुतेक एकाच पावसाची. उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात संपतात. तुम्ही फुललेलं झाड उपटून आणलंत तर त्याचे शेवटचे दिवस तुमच्या कुंडीत जातील, आणि जे बी पुढच्या वर्षी सड्यावर उगवायचं ते पडणारच नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं की नाही, माहीत नाही, घेणाऱ्याला सहसा नसतं.

दीपकाडीचंही सांगतो. तिला कंद असतो, म्हणून लोकांना वाटतं कुंडीत जगेल. पहिल्या पावसाबरोबर सडा पांढऱ्या फुलांनी भरतो, थोडे दिवस, मग पुन्हा गवत. ही वनस्पती फक्त कोकणातली. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. एका सड्यावर ती गेली तर दुसऱ्या देशातून आणता येणार नाही.

दवबिंदू पाळायचाच असेल तर बियांपासून वाढवणारे छंदिष्ट देशात आहेत, त्यांच्याकडून बी किंवा रोप घ्या. रोपवाटिकेत वाढलेलं झाड कुंडीला सरावलेलं असतं. पसरट थाळी, वाळू आणि धुतलेलं कोकोपीट, खाली पागोळीचं पाणी, भरपूर ऊन. आणि सड्यावर जुलै-ऑगस्टमध्ये जा, गुडघे टेकून बघा, फोटो काढा. भिंगाने आसवांचं फूल बघितलंत तर ते आणावंसं वाटणार नाही, तिथेच बसावंसं वाटेल.

कायद्याचंही. सगळ्या आमऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस याद्यांमध्ये येतात. मेघालयाची घटपर्णी, निळी व्हॅन्डा, लाल व्हॅन्डा यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नाव घेऊन संरक्षण आहे. त्यामुळे घटपर्णी घेतानाही ती रोपवाटिकेत तयार केलेली संकरित आहे ना, हे विचारा.

---

चिरेखाणीशेजारी (राजापूर)

तुमचं सगळं पटतं, पण एक गोष्ट सांगू का? आमच्या घरामागचा सडा गेल्या काही वर्षांत अर्धा चिरेखाणीत गेला. उरलेल्यावर सुरुंग लावून कलमं लावली. त्यात दीपकाडी होती, दवबिंदू होते, पावसात गेंदाची फुलं इतकी यायची की पाय ठेवायला जागा नसे. कोणी विचारलं नाही. मग एखाद्या मुलीने चार रोपं उचलली तर आपण तिला सांगायचं, आणि यंत्र लावून अख्खा सडा कापणाऱ्याला काहीच नाही. हे मला सहन होत नाही.

---

कातळवाट

तुमचा राग रास्त आहे, आणि माझ्याकडे त्यावर पुरेसं उत्तर नाही. बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागतात, आणि मालकाला चिरा विकून पैसे मिळतात. फुलांचे मिळत नाहीत. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

पण एक करता येईल. जिथे खाण लागणार हे ठरलंय, मालकाची हरकत नाही, तिथे यंत्र येण्याआधी दीपकाडीचे कंद उचलून जवळच्याच, तशाच उताराच्या सड्यावर लावायचे. वार्षिक झाडांसाठी मे महिन्यात वरची माती बियांसकट खरवडून शेजारच्या सड्याच्या खळग्यांत पसरायची. घरच्या कुंडीत नाही, सड्यावरच. तुमच्या बाजूला जमीनमालक ओळखीचा असेल तर मला निरोप करा, मी येईन.

---

चिरेखाणीशेजारी

करतो. उरलेला भाग आमच्या चुलत्यांचा आहे, त्यांच्याशी बोलतो.

---

हिरवी_खिडकी

मी घेणार नाही. त्या विक्रेत्यालाही हे लिहून पाठवलं. धन्यवाद.

---

वाडीवाला

विकत घेण्याचा विषय निघालाय तर थोडक्यात: निळा गुलाब, काळा मॉन्स्टेरा, असल्या बियांच्या पाकिटांवर पैसे घालवू नका, अशी झाडंच नसतात. ‘पिंक काँगो’ नावाचा गुलाबी फिलोडेन्ड्रॉन रसायन देऊन गुलाबी केलेला असतो, नवी पानं हिरवीच येतात. पांढऱ्या ठिपक्यांचा थाई कॉन्स्टेलेशन मॉन्स्टेरा टिश्यू कल्चरने तयार होतो, त्यामुळे त्याची किंमत उतरली आहे, घाई करू नका. आणि परदेशातून कुरिअरने झाडं मागवू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. एका कुंडीतून येणारी कीड अख्ख्या वाडीला पुरते.

---

चौथा_मजला

पानं धुतोय, नव्या पानाची कड अजून शाबूत आहे. आता बुरशीचं विचारतो. गेल्या पावसात ॲन्थुरियमच्या पानांवर पिवळी कड असलेले काळे डाग पडले होते. औषध काय?

---

वाडीवाला

पोफळीच्या कोळेरोगावर आपण मारतो तेच बोर्डो मिश्रण. घरापुरतं करायचं तर १ लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवा, मग एकत्र ओता. धातूचं भांडं नको. लोखंडी सुरी बुडवून बघा, पात्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा. पाऊस सुरू होण्याआधी एकदा, नंतर उघडीप मिळाली की पुन्हा. ब्रोमेलियाडवर मात्र चुकूनही उडवू नका, त्यांना तांबं अजिबात सोसत नाही. आमऱ्यांवरही नको.

डाग पाणथळ, मऊ आणि वासाचा असेल तर तो जिवाणूंचा. तिथे आधी पान कापा, सुरी स्पिरिटने पुसा, कुंडी बाकीच्यांपासून लांब करा.

पडवीतली_झाडं

आणि रात्री बॅटरी घेऊन शंखी गोगलगायी वेचा. कोवळ्या अलोकेशियाचं एका रात्रीत देठ उरतं. मीठ टाकू नका, ते शेवटी कुंडीतच जातं. वेचून साबणाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला.

---

गणपतीला_येणारे (डोंबिवली / मालवण)

आमचं मालवणचं घर वर्षभर बंद असतं. गणपतीला आणि मे महिन्यात जातो. हा धागा वाचून पडवी रिकामी बघवत नाही. पाणी घालायला कोणी नाही. काही लावता येईल का?

---

पडवीतली_झाडं

नक्की. तुम्ही कुंड्यांचा विचार सोडा आणि अंगणाच्या कडेला, थेट पावसात, कंदांची झाडं लावा. कोकणातल्या कितीतरी अनवट झाडांचं वर्ष मिरगाला सुरू होतं आणि दिवाळीनंतर संपतं. बाकीचे महिने कंद जमिनीखाली झोपलेला असतो, त्याला पाणी द्यायचं तर नसतंच, दिलं तर तो कुजतो.

या मे महिन्यात गेलात की सुरणाचा कंद लावा. तो मोठा झाला की एका वर्षी पान यायच्या आधी फूल येईल, जांभळं, सुरकुतलेलं, कुजक्या मांसासारखा वास सोडणारं. त्या वासाने भुंगेरे येतात. वासासाठी नाक धरावं लागेल, पण असं फूल परदेशी संग्रहात लोक पैसे देऊन बघायला जातात. फुटबॉल लिली लावा, ती मे महिन्यातच फुलते, तुमच्या सुट्टीत. सोनटक्का लावा, पागोळ्या पडतात त्या ओळीत. कॅलेडियम लावा, घराच्या आडोशाला.

गणपतीसाठी कळलावी. रोपवाटिकेतून कंद घ्या, नांगराच्या फाळासारखा दोन टोकांचा असतो, टोक मोडू देऊ नका. कुंपणालगत लावा, पानाच्या शेंड्याने धरत चढते. माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, आमच्याकडे तीच टांगतात. सगळं झाड विषारी आहे, कंद तर फारच, तेव्हा मुलांना दाखवून ठेवा आणि सुरणाच्या शेजारी लावू नका.

आणि जागा असेल तर कोपऱ्यात एक सुरंगी. वाढायला वेळ घेते, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. पण रोप कलमी घ्या. बियांच्या रोपाला फुलं उशिरा येतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी लागेल, तेवढं शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

---

गणपतीला_येणारे

येत्या शनिवारी निघतोय. कळलावीचा कंद वेंगुर्ल्यात मिळेल का? मालवणहून तिकडे येता येईल.

---

पडवीतली_झाडं

माझ्याकडे आहेत, दरवर्षी वाढतात. विकत नको घेऊ. निरोप करा, पत्ता देते. सोनटक्क्याचेही गड्डे काढून ठेवते, पिशवी आणा.